उडती तबकडी आणि कोवळा खांदा

नेमबाजीतील ‘मातीची’ तबकडी मातीची नसतेच. चुनखडीची पूड व डांबर यांची ती ११० मिलिमीटर रुंदीची, १०५ ग्रॅम वजनाची चकती. अशाच तबकड्या फोडून राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सहून रौप्यपदक आणले. आपल्या मुलानेही तसे करावे, ही इच्छा चांगलीच. पण बारा बोरची जड बंदूक कोवळ्या खांद्यास देऊ नये. धक्क्याच्या भीतीने मूल चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटू लागते. हलकी बंदूक, सौम्य काडतूस आणि प्रथम सरळ समोर जाणारी तबकडी द्यावी. एक पिता चुकलेले बार मोठ्याने मोजताना आम्ही पाहिला. मुलगा तबकडीऐवजी बापाच्या तोंडाकडेच पाहत होता! त्यापेक्षा एखादी तबकडी फुटताच, मूल ‘आणखी एक’ म्हणत असतानाच, त्या दिवसाचा सराव थांबवावा, असे आम्हांस वाटते.