सक्तीच्या पुंजीतून घर

आमच्या धाकट्या बंधूंचा चिरंजीव गेली चौदा वर्षे सिंगापुरास नोकरीनिमित्त आहे. आजच्या काळातही तो आम्हांस हाताने लिहिलेली पत्रे धाडतो, हे त्याचे एक कौतुकच. गेल्या महिन्याच्या पत्रात तेथील सरकारी वसाहतीत घर घेतल्याची वार्ता होती. देवापुढे साखर ठेवली गेली. परंतु पत्रातील एका वाक्यापाशी बंधू अडले. ‘काका, घराच्या हप्त्यासाठी हाती आलेल्या पगारातून काहीच द्यावे लागत नाही, सर्व रक्कम फंडातून परस्पर वळती होते,’ असे ते वाक्य. बंधूंनी चष्मा काढून ठेवला आणि ‘म्हणजे माझेच झाले,’ एवढेच ते म्हणाले.

हा फंड म्हणजे काय, हे वाचकांस प्रथम सांगितले पाहिजे. सिंगापुरावर इंग्रजांचा अंमल असता १९५५ साली नोकरदारांच्या वार्धक्यासाठी मध्यवर्ती भविष्यनिर्वाह निधी स्थापन झाला. नोकराने वेतनाचे शेकडा ५ व धन्याने तितकेच भरावयाचे, अशी सक्ती होती. त्या काळी शहरातील गोरगरीब लाकूड-पत्र्याच्या दाट झोपड्यांतून राहत. १९६१ च्या मे महिन्यात बुकित हो स्वी या वस्तीस आग लागून सुमारे १६,००० माणसे उघड्यावर पडली. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या सरकारी गृहमंडळाने त्यांच्यासाठी झपाट्याने इमारती उभारल्या. पुढे १९६४ साली ही घरे भाड्याने न देता विकण्याची योजना निघाली. पण मजुरापाशी आरंभीची रक्कम कोठली? तेव्हा १९६८ साली सरकारने फंडाची कुलपे घरासाठी उघडली. माणसाचे स्वतःचेच, परंतु त्याच्या हाती न येणारे द्रव्य त्याच्या डोक्यावरील छप्पर झाले. आज तेथील दहा रहिवाशांपैकी जवळजवळ आठ जण मंडळाच्या घरांत राहतात.

ही सक्ती आम्हांस मुळीच जाचक वाटत नाही. पंचविशीतल्या तरुणास म्हातारपण दिसत नसते, हे आम्ही अनेक वर्षे वर्गात पाहिले आहे. सक्ती कधी कधी अतिरेकासही गेली, हे मात्र खरे. १९८४ साली दोन्ही बाजू मिळून वेतनाच्या शेकडा ५० पर्यंत वर्गणी पोहोचली होती, आणि मंदी येताच १९८६ साली धन्याचा वाटा २५ वरून १० वर आणावा लागला.

आता बंधूंची गोष्ट. ते एका कारखान्यात कारकून होते. आपल्याकडे १९५२ च्या कायद्याने जो भविष्यनिर्वाह निधी आला, त्यातूनही घरासाठी रक्कम काढण्याची मुभा आहे. बंधूंनी ती काढली, घर बांधले, मागाहून एक खोली वाढविली तेव्हा पुन्हा काढली. २०१९ साली ते निवृत्त झाले तेव्हा हाती आलेली रक्कम मुलीच्या लग्नात संपली. निवृत्तिवेतन मिळते, पण त्यात दोघांची औषधेही भागत नाहीत. घर मात्र उत्तम आहे. अंगणात पारिजातक आहे. दरमहा मुलाकडून येणारे पैसे घेताना त्यांचा चेहरा कसा होतो, हे आम्ही एकत्र राहत असल्यामुळे आम्हांस ठाऊक आहे.

संस्कृतात योगक्षेम असा जोडशब्द आहे. नसलेले मिळविणे हा योग, मिळालेले राखणे हा क्षेम. बंधूंच्या पुंजीतून योग झाला. क्षेमासाठी काही उरले नाही. थैली एकच होती.

हे सर्व आम्ही चिरंजीवास स्पष्ट लिहिले. त्याचे उत्तर विचारपूर्वक आले आहे. तेथे थैलीतच भिंत घातलेली आहे, असे तो कळवितो. त्याच्या वयास वेतनाचे शेकडा २० तो भरतो व १७ धनी भरतो. त्या ३७ पैकी २१ साधारण खात्यात जातात आणि घराचा हप्ता त्यातूनच फिटतो. ९ औषधोपचाराच्या खात्यात पडतात, आणि ७ विशेष खात्यात. हे विशेष खाते १९७७ साली काढले. ते वार्धक्यासाठीच असून त्यातून घराची एक वीटही घेता येत नाही. शिवाय घर विकल्यास फंडातून उचललेली रक्कम व्याजासह आपल्याच खात्यात परत भरावी लागते. आपलेच पैसे आपणांस व्याजाने देणे, ही कल्पना प्रथम हास्यास्पद वाटते. बंधू मात्र हसले नाहीत. ‘अशी भिंत आमच्या वेळी असती तर मी तेव्हा तिला शिव्या दिल्या असत्या,’ असे ते म्हणाले, आणि आमच्या मते ते अगदी खरे आहे.

तरीही तेथे सर्व सुरळीत आहे, असे समजू नये. घर भारी आणि हात रिकामा, अशी वृद्ध दांपत्ये तेथेही निघालीच. म्हणून २००९ साली घराच्या पट्ट्याची शेवटची काही वर्षे सरकारला परत विकून त्या पैशांवर गुजराण करण्याची सोय करावी लागली.

पट्टा म्हणण्याचे कारण असे की, ही घरे ९९ वर्षांच्या मुदतीची असतात. मुदत भरली की घर सरकारजमा. चिरंजीव तेथील नागरिक नव्हे, कायम रहिवासी. अशास मंडळाचे नवे घर मिळत नाही, पहिल्या मालकाकडून घ्यावे लागते. त्याच्या घराची ६१ वर्षे उरली आहेत. खरेदी करणाऱ्यांत जो सर्वांत लहान, त्याच्या वयाच्या ९५ व्या वर्षापर्यंत पट्टा पुरत असेल तर फंडाचा पूर्ण उपयोग करता येतो. सूनबाई ३६ वर्षांची आहे, तेव्हा ती अडचण नाही, असे त्याने मोठ्या समाधानाने लिहिले आहे.

बंधूंनी पत्राच्या पाठीवर निराळाच हिशेब मांडला आहे. नातू आज आठ वर्षांचा आहे. घर सरकारजमा होईल तेव्हा तो ६९ वर्षांचा असेल. त्याखाली त्यांनी आमच्या येथील घराचा नगर भूमापन क्रमांक लिहिला असून, पत्राचे उत्तर अद्याप धाडलेले नाही.