हत्यारांची पेटी : थंडीत न उठणारा ट्रॅक्टर



या सदराकडे आजवर मोटारी, बॉयलर आणि शिवणयंत्रे यांचेच प्रश्न येत. या वेळी चक्क ट्रॅक्टरचा आला आहे. आपल्या मंडळातील एका कुटुंबाने शहराबाहेर जुने घर घेतले. त्याबरोबर चार एकर कुरण आणि शेडमध्ये उभा असलेला मॅसी फर्ग्युसन १३५ डिझेल ट्रॅक्टरही पदरात पडला. उन्हाळ्यात तो बरा चालतो. नोव्हेंबर लागला की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, पण इंजिन काही पकडत नाही. तिथल्या एका मेकॅनिकने "इंजिन उघडावे लागेल" असे सांगितले आणि आकडा सांगितला तो जवळजवळ ट्रॅक्टरच्याच किमतीचा. "हो म्हणावे का?" असे त्या ताईंनी विचारले आहे.

ताई, एवढ्यात हो म्हणू नका. इंजिन खरोखर झिजलेले असेलही, पण ते सर्वांत शेवटी ठरवायचे. त्याआधीच्या तपासण्या घरच्या घरी, थोड्या पौंडांत होतात.

हे १३५ मॉडेल कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात १९६४ ते १९७५ या काळात तयार झाले. त्यात पीटरबरोच्या पर्किन्स कंपनीचे तीन सिलिंडरचे इंजिन आहे. मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्यानेच १९६० साली मद्रासला टॅफे कंपनी निघाली. त्यामुळे गावाकडे ज्यांनी 'मॅसी' हाकला असेल, त्यांना पुढचे वर्णन ओळखीचे वाटेल.

डिझेल इंजिन पेटते कसे?

पेट्रोलच्या गाडीसारखी यात ठिणगी नसते. पिस्टन हवा सोळा-अठरा पट दाबतो, त्या दाबाने हवा पाचशे अंश सेल्सियसच्या पुढे तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. गार इंजिनात ही उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात. त्यात इंजिन हळू फिरले तर उष्णता निघून जायला आणि हवा रिंगांजवळून निसटायला आणखी वेळ मिळतो. म्हणून चार गोष्टी लागतात : फिरण्याचा वेग, न तुटता येणारे डिझेल, सुरुवातीची ऊब आणि कॉम्प्रेशन. पहिल्या तीन स्वस्त आहेत, चौथी महाग. तपास याच क्रमाने करावा.

आधी धूर पाहा

एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून धुराड्याकडे पाहावे. धूर अजिबात नसेल तर सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाही. पांढरा किंवा करडा धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही, म्हणजे वेग, ऊब किंवा कॉम्प्रेशन कमी आहे. काळा धूर येत असेल तर हवा कमी पडते आहे. एअर क्लीनर आणि त्याची नळी पाहा, उंदरांचे घरटेसुद्धा सापडते. या एका निरीक्षणाने अर्धे काम होते.

१. वेग

बॅटरी रात्रभर चार्ज करून काही तास तशीच ठेवा, मग मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. स्टॉपची दांडी ओढून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, सेल्फ मारा. व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेले तर बॅटरी थकली आहे. थंडीत बॅटरीचा जोर उतरतो आणि इंजिनातले ऑइल घट्ट होते, असा दुहेरी मार बसतो.

बॅटरी चांगली असूनही इंजिन रडत रडत फिरत असेल तर केबल तपासा. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवर आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर धरून सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर वीज गंजलेल्या जोडातच वाया जाते आहे. टर्मिनल आणि केबल ज्या बोल्टला बसते ती जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. मोटारीची बारीक केबल कोणी बसवली असेल तर ती काढून ट्रॅक्टरची जाड केबल घाला. घट्ट ऑइल भरलेले असेल तर हिवाळ्यापूर्वी १५डब्ल्यू-४० घालून घ्या.

२. डिझेल

धूर नसेल तर प्रथम स्टॉपची दांडी पूर्ण आत गेली आहे ना, हे पाहा. केबल गंजून अर्ध्यावर अडकली तर पंप बंदच राहतो. मग टाकीचा कॉक, फिल्टर आणि नळ्या तपासा. नळी जिथे ओलसर दिसते तिथे डिझेल बाहेर येते आणि हवा आत जाऊ शकते. ट्रॅक्टर चालू होऊन मिनिटाभरात बंद पडत असेल तर त्याने एअर घेतली असण्याची शक्यता मोठी.

एअर काढण्याचा क्रम असा : टाकी भरून कॉक उघडा. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू सैल करून फीड पंपाची छोटी दांडी हाताने हलवत राहा. फेस जाऊन सलग डिझेल आले की स्क्रू आवळा. दांडीला जोर लागत नसेल तर इंजिन थोडे फिरवून पुन्हा पाहा. आतला कॅम नेमका उंचावर थांबलेला असतो. त्यानंतर मोठ्या पंपावरचे दोन एअर स्क्रू याच रीतीने मोकळे करून आवळा. शेवटी नोझलकडचे दोन पाइपचे नट अर्धा आटा सैल करा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, सेल्फ मारा, आणि डिझेल येताच नट आवळा. या वेळी चष्मा घाला आणि हात लांब ठेवा. नोझलच्या फवाऱ्याचा दाब इतका असतो की डिझेल कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठावे लागते.

आणखी एक. ब्रिटनमध्ये पंपावर मिळणारे हिवाळी डिझेल साधारण उणे १५ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहते, उन्हाळी डिझेल मात्र उणे ५ पर्यंतच. जुलैत भरलेली टाकी जानेवारीत मेण धरते आणि फिल्टर तुंबतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये टाकी शक्य तितकी संपवून हिवाळी डिझेल भरा. डिझेल पातळ करायला पेट्रोल मात्र कधीही मिसळू नका.

३. ऊब

या इंजिनाच्या इनलेट मॅनिफोल्डवर 'थर्मोस्टार्ट' नावाचा छोटा हीटर असतो. त्याची कॉइल तापली की आतला व्हॉल्व्ह उघडतो, थेंब थेंब डिझेल कॉइलवर पडून पेटते आणि आत जाणारी हवा गरम होते. यासाठी स्विच 'हीट'वर पंधरा-वीस सेकंद धरायचा आणि मगच पुढे फिरवून सेल्फ मारायचा. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा हवा. वीस सेकंदांत चालू झाला नाही तर पुन्हा दहा सेकंद 'हीट'वर धरावा.

तो काम करतो का, हे पाहणे सोपे आहे. स्विच 'हीट'वर धरल्यावर बॅटरीचे व्होल्टेज किंचित उतरले पाहिजे. उतरले नाही तर वायर तुटली आहे किंवा कॉइल जळाली आहे. त्याच्याकडे येणारी बारीक नळी सोडल्यावर तिच्यातून डिझेल टपकले पाहिजे. आधीच्या मालकाने ती नळी बंद करून टाकल्याचेही आढळते. पांढरा धूर काढणारा आणि उन्हाळ्यात नीट चालणारा ट्रॅक्टर असेल, तर माझा पहिला संशय इथेच. ताईंचे वर्णन त्याच्याशी जुळते.

४. कॉम्प्रेशन

वरचे सगळे ठीक असूनही पांढरा धूर सुटत असेल, तर नोझल काढून डिझेलच्या वर्कशॉपमध्ये तपासून घ्या. फवाऱ्याऐवजी धार पडत असेल तर ते दुरुस्त होतात. त्यानंतर कॉम्प्रेशन मोजायला सांगा. तिन्ही सिलिंडरांचे आकडे कागदावर मागा. गरम इंजिनसुद्धा चटकन उठत नसेल, ब्रीदरमधून धूर येत असेल, ऑइल कमी होत असेल आणि आकडेही उतरलेले असतील, तर मेकॅनिकचे म्हणणे खरे आहे. मग खर्च करावा. आकडे न पाहता मात्र नाही.

दोन गोष्टी कधीही करू नयेत

पहिली : थर्मोस्टार्ट असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रे मारू नये. तापलेल्या कॉइलवर ईथर भलत्याच वेळी भडकते. मॅनिफोल्ड फुटू शकते, पिस्टनच्या रिंगा तुटू शकतात.

दुसरी याहून महत्त्वाची : जमिनीवर उभे राहून, सेल्फच्या टर्मिनलांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर चालू करू नये. न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फ लागू नये म्हणून सेफ्टी स्विच असतो. या युक्तीने तोच टाळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर इंजिन पकडताच तो चालू लागतो, आणि माणूस नेमका मागच्या चाकासमोर उभा असतो. अशा प्रकारे कितीतरी अनुभवी शेतकऱ्यांचे जीव गेले आहेत. स्विच खराब असेल तर तो बदला. सेल्फ नेहमी सीटवर बसूनच मारा. घरातल्या मुलांना आणि सुट्टीत गावाहून आलेल्या मंडळींनाही हे बजावून सांगा, कारण तिकडे ही युक्ती पुष्कळांनी पाहिलेली असते.

तर ताई, या शनिवारी धुराचा रंग पाहा, बॅटरी आणि अर्थ तपासा, थर्मोस्टार्ट पाहा. मेकॅनिकला उत्तर त्यानंतर द्या. काय निघाले ते जरूर कळवा, पुढील अंकात छापू. इतर वाचकांनीही आपले प्रश्न नेहमीप्रमाणे संपादकांकडे द्यावेत.