नदीला कुणाचा विटाळ?



मागच्या बैठकीत आपल्यातलाच एक मित्र उठून म्हणाला, "नदी, झाडं, पक्षी हे पोट भरलेल्यांचे चाळे. आपला प्रश्न घराचा, नोकरीचा, अत्याचाराचा. मिठी नदीशी आपल्याला काय करायचंय?" टाळ्या पडल्या. मी गप्प बसलो, कारण रातपाळी करून तसाच आलो होतो आणि डोळे मिटत होते. आता लिहितो. त्याला राग आला तर येऊ दे.

माझा जन्म मिठीच्या काठचा. कुर्ल्याचा. आम्ही तिला नदी कधी म्हटलं नाही. नाला म्हणायचो. ती नदी आहे हे मला कळलं २६ जुलै २००५ ला, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. सांताक्रूझच्या वेधशाळेनं २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. आमच्याकडं मोजायला भिंत होती. आधी उंबरा गेला, मग चूल गेली, मग पाणी बाबासाहेबांच्या फोटोला टेकलं. आईनं फोटो उतरवला, माझ्या हातात दिला आन् मला पोटमाळ्यावर ढकललं. बापानं पत्रा उचकटला. रात्र पत्र्यावर काढली. समोरच्या खोलीतली म्हातारी रात्री हाका मारत होती. पहाटे थांबली.

पाणी ओसरलं आणि शहाण्या लोकांनी गुन्हेगार शोधला. कोण? आम्ही! वर्तमानपत्रात फोटो आमच्या झोपड्यांचे, खाली एकच शब्द: अतिक्रमण. त्याच वर्षी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण निघालं. नंतर आमच्या गल्लीत तोडक पथक आलं. बापानं कागदांची पिशवी पुढं केली. रेशनकार्ड, मतदार यादी, लाईटबिल. पिशवी पुरात भिजलेली, शाई फुटलेली. साहेब म्हणाला, वाचता येत नाही. आम्ही अपात्र. जे पात्र ठरले त्यांना मानखुर्दच्या बाजूला सातव्या मजल्यावर कोंडलं. आम्हाला तेवढंही नाही.

आता जरा नकाशा बघा. विहार आणि पवई तलावाचं सांडव्याचं पाणी घेऊन मिठी निघते, आरे, मरोळ, साकीनाका, कुर्ला करत माहीमच्या खाडीला मिळते. जेमतेम अठरा किलोमीटर. विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिला काटकोनात वळवली, भिंतींत कोंबली. खाली खाजणात भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल बसवलं. ज्या जागेवर भरतीचं आणि पुराचं पाणी पसरून दम घ्यायचं, तिथं बँका बसल्या. तोंडाशी सागरी सेतूसाठी भराव. हे सगळं विकास. आणि माझ्या आईची दहा बाय बाराची खोली, ती अतिक्रमण! काचेच्या इमारतीखालची माती पाणी अडवत नाही, फक्त गरिबाचा पत्रा अडवतो, असं कुठल्या शाळेत शिकवतात?

मी लबाडी करणार नाही. आमच्या खोल्या पात्रात सरकल्या होत्या. आमची घाण तिच्यातच जात होती, कारण दुसरा संडास कुणी बांधून दिला नव्हता. पण सोसायट्यांचं मैलापाणीही नाल्यांतून तिच्यातच येतं. ते फ्लश ओढतात, आम्ही डबा घेऊन जातो, एवढाच फरक. डबा दिसतो. पाईप दिसत नाही.

म्हणून मी म्हणतो की 'प्रदूषण' हा शब्द नीट हुंगून बघा. त्याला जुना वास येतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी घेतलं. त्या तळ्यावर जनावर पाणी पीत होतं, तेव्हा ते शुद्ध होतं. आपण प्यालो तर बाटलं. मग त्यांनी मंत्र म्हणत गायीचं शेण-मूत त्यात ओतलं आणि तळं शुद्ध करून घेतलं. शेण घालून पाणी स्वच्छ करणारी ही जात! कोर्टकज्जा दहा वर्षं चालला, १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. आज नदीकाठी शेण ओतत नाहीत. बुलडोझर आणतात. पण आधी माणूस हटवायचा आणि मग पाणी पवित्र म्हणायचं, हा क्रम तोच.

माझा पणजा गिरणीत रिंगखात्यात होता. साळखात्यात पगार जास्त, पण तिथं महाराला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, थुंकी लागायची. आपली थुंकी त्यांना चालत नव्हती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला तेव्हा कामगार-ऐक्याची भाषणं करणारे खाली बघत होते. आजा १९८२ च्या संपात घरी बसला तो कायमचा. मी भिवंडीला एका डाइंगच्या गिरणीत जिगरवर आहे. बारा तास. कापड रंगवतो, रंगाचं पाणी सोडतो. कुठं सोडतो? मागच्या गटारात, गटारातून नदीत. शुद्धीकरणाची टाकी आहे, ती तपासणी यायची असली की चालते. माझ्या नखांतला निळा रंग जात नाही. शाईचा रंग म्हणून काही पोरींना वाटतं मी मोठा लेखक आहे. असो. सांगायचं हे की नदीला विष पाजणारा हात माझाच आहे आणि त्या हाताला ते पाणी सोडायला लावणारा मालक नदी वाचवण्याच्या कार्यक्रमाला देणगी देतो. नोकरी जाईल म्हणून मी बोललो नाही आजवर. इथं बोललो.

साबरमतीचं उदाहरण सगळे देतात. बघून या म्हणतात. बघावं. अहमदाबादच्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा दलित आणि मुसलमान कामगार देशोधडीला लागले, त्यातले कितीतरी नदीकाठी राहिले. रिव्हरफ्रंटसाठी त्यांना उठवलं, काहींना थेट पिराण्याच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी टाकलं. मधे शहरात जे निळं पाणी दिसतं ते नर्मदेच्या कालव्याचं. वासणा बंधाऱ्याच्या खाली जा, काळं पाणी आणि फेस. २०२१ मध्ये गुजरात हायकोर्टाला स्वतःहून त्या घाणीची दखल घ्यावी लागली. पुढून सुरमा, मागून शेंबूड. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी तसलाच बेत चाललाय, तिथल्या पोरांनी डोळे उघडे ठेवावेत.

इकडं मिठीचा गाळ वीस वर्षं निघतोय. मे २०२५ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेनं पासष्ट कोटींच्या घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला. गाळ टाकायच्या जागांचे करारच बनावट, असा आरोप. गाळातही खाणारे आहेत! आणि त्या गाळात, गटारात उतरणारा कोण, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. २०१३ चा कायदा आहे. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं गटारातल्या मरणाचे दहा लाख ठरवले, २०२३ ला तीस लाख. भाव वाढला. मरण थांबलं नाही.

आता माझ्या मित्राला. तू म्हणतोस पाणी आपला विषय नाही. अरे, आपली चळवळ पाण्यावर उभी राहिली! आणि नुसतं पिण्याचं पाणी नव्हे. १९४२ ते ४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बघत होते. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या खात्यानं पुढं नेली. पूर, सिंचन, वीज, सगळ्याचा एकत्र विचार. एक नदी अख्खी विचारात घेणारा माणूस आपला बाप, आणि आपण म्हणायचं नदी बामणांची? मग ते खुशाल घेतील. घेतलीच आहे.

नदी साफ व्हायलाच पाहिजे. पण आधी वरचे पाईप बंद करा, कारखान्यांची टाकी रोज चालवा, मग काठाकडं बघा. काठावरचा माणूस उठवायचाच असेल तर त्याच वॉर्डात घर द्या, आधी चावी, मग बुलडोझर. पुरात भिजलेल्या कागदाला कागद माना. बगिचा करा, जरूर करा, त्याच्या फाटकावर आमच्या पोराला वॉचमन ठेवू नका, आत खेळू द्या. गाळ यंत्रानं काढा, माणसानं नाही. आणि गाळाचा हिशोब वस्तीत भिंतीवर लिहा.

येत्या रविवारी मला सुट्टी आहे. सकाळी सातला कुर्ल्याच्या पुलावर भेटू. वर चालत जायचं, जमेल तिथवर, आणि नदीत पडणारा एकेक पाईप वहीत लिहायचा. कुठला, केवढा, कुणाचा. बैठकीत टाळ्या वाजवणाऱ्यांनी तर यावंच. पायात जुनी चप्पल घाला, नवी फुकट जाईल.