सरकारी वकील नेमायचा कुणी?

कोल्हापूरच्या राजारामपुरी पोलीस ठाण्यात फिर्याद देऊन माणूस बाहेर पडतो तेव्हा त्याला वाटतं, आता हा खटला माझा. खरं तर तिथंच तो त्याच्या हातून सुटलेला असतो. कोर्टात पुकारा होतो तो ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असा, आणि ज्याचं डोकं फुटलं तो उरतो नुसता साक्षीदार. माझं ऑफिस इथल्याच एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. फौजदारी वकिली केली, तीही बहुतेक आरोपीच्या बाजूनं. तरी जिना चढून फिर्यादीची माणसं येतात आणि विचारतात, “साहेब, आमचा वकील कोण?” सरकारी वकील, म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. “त्यांना नेमलं कुणी?”

प्रश्न साधा आहे, पण आपल्याकडं तो फार उशिरा जन्माला आला. मराठेशाहीत गोतसभेपुढं वादी आणि प्रतिवादी आपापलं गाऱ्हाणं स्वतःच मांडत. निवाड्याचा महजर झाला की जिंकणाऱ्याकडून हरकी घेतली जाई, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी, म्हणजे दंड. सरकार दोन्हीकडून पैसे घेई, पण कुणाच्या बाजूनं बोलायला उभं राहत नसे. १७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा छडा लावणारे न्यायाधीश रामशास्त्री आणि दोष कुणाचा ते सांगणारेही रामशास्त्रीच. ते प्रभुणे होते म्हणून निभावलं. दर खुनाला रामशास्त्री कुठून आणायचा?

इंग्रजांकडं तरी वेगळं काय होतं? फ्रान्सच्या राजाचे वकील चौदाव्या शतकापासून कोर्टात उभे राहत, इंग्लंडात मात्र ज्याची चोरी झाली त्यानंच खटला भरायचा, ही जुनी रीत. तिथं सरकारी अभियोग संचालकाचं पद १८७९ च्या कायद्यानं आलं, आणि रोजचे खटले पोलिसांच्या हातून काढून घेणारी स्वतंत्र यंत्रणा १९८६ मध्ये.

आपल्या कोल्हापूर प्रकरणातही ही जुनी रीत दिसते. ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं इथले कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कोल्हापूरच्या गादीवरच्या धाकट्या शिवाजी महाराजांच्या छळाचा आरोप केला. आधाराची पत्रं बनावट निघाली. फिर्याद केली ती खुद्द बर्व्यांनी, स्वतःच्या नावानं, आणि १८८२ मध्ये आगरकर व टिळक डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. पंधरा वर्षांनी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा चित्र पालटलं होतं. फिर्यादी म्हणून सही सरकारच्या ओरिएंटल ट्रान्सलेटरची, मिर्झा अब्बास अली बेग यांची. बोलायला उभे ॲडव्होकेट जनरल बेसिल लँग. इथं दुखावलेला माणूस कुणीच नव्हता, सरकारच दुखावलेलं होतं. (आज बर्वे मंत्री असते आणि बदनामी त्यांच्या सरकारी कामावरून झाली असती, तर सरकारच्या मंजुरीनं सरकारी वकीलच थेट सेशन कोर्टात तक्रार दाखल करू शकला असता. तेवढी सोय सत्तेनं स्वतःसाठी करून ठेवली आहे.)

१८९८ च्या फौजदारी संहितेत कलम ४९२ खाली सरकार पब्लिक प्रॉसिक्युटर नेमत असे, पण खालच्या कोर्टात खटला चालवायचा तो पोलीस प्रॉसिक्युटरनं. तपास पोलिसांचा, खटलाही पोलिसांचा. हे तोडा, असं विधी आयोगानं १९५८ मध्ये सांगितलं. १ एप्रिल १९७४ ला नवी संहिता लागू झाली आणि महाराष्ट्रानं काय करावं? असलेल्या पोलीस प्रॉसिक्युटरांनाच सहायक सरकारी वकील म्हणून घोषित केलं आणि ठेवलं पोलीस खात्याच्याच शिस्तीखाली. शेवटी त्या वकिलांनाच सुप्रीम कोर्टात जावं लागलं. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात १९९५ मध्ये त्यांना पोलिसांपासून मोकळं करायचा आदेश झाला. म्हणजे कायदा बदलूनही एकवीस वर्षं साहेब तोच होता.

त्याहून जास्त मला खुपते ती १९८१ ची दुरुस्ती. मूळ संहितेत जिल्ह्याच्या सरकारी वकिलासाठी नावांची यादी जिल्हाधिकाऱ्यानं सेशन जज्जांशी विचारविनिमय करून करायची होती. महाराष्ट्रानं ते शब्द खोडून ‘राज्य शासनाच्या मान्यतेनं’ असे घातले. हायकोर्टातल्या नेमणुकीसाठी हायकोर्टाशी सल्लामसलत करायची अटही काढून टाकली. जज्ज त्या वकिलाला रोज ऐकतो. उलटतपासणीत कोण चाचपडतो, कोण कागद न वाचता उभा राहतो, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? त्यालाच विचारायचं नाही, असं ठरलं. मग नाव कुणाच्या शिफारशीनं वर सरकतं हे कोर्टाच्या आवारातला चहावालाही सांगेल.

परिणाम रस्त्यावर दिसतो. महाराष्ट्रात कुठंही भीषण गुन्हा घडला की मोर्चा निघतो आणि मागणी येते, ‘उज्ज्वल निकमांना नेमा’. कोल्हापूरकरांनी निकमांचं काम जवळून पाहिलंय. अंजनाबाई गावितच्या मुलींवरच्या बालहत्यांच्या खटल्यात २००१ मध्ये इथल्या सेशन कोर्टानं फाशी दिली, तेव्हा विशेष सरकारी वकील तेच होते. (ती फाशी पुढं २०२२ मध्ये हायकोर्टानं जन्मठेपेत बदलली. दयेच्या अर्जावर सरकारनंच वर्षानुवर्षं घोळ घातला होता.) निकमांच्या कसबाविषयी मला काही म्हणायचं नाही. पण २०२४ मध्ये ते एका पक्षाकडून लोकसभेला उभे राहिले, हरले, आणि पुन्हा विशेष सरकारी वकील नेमले गेले, हे मला पटलं नाही. दुसऱ्या पक्षानं केलं असतं तरी पटलं नसतं. शिवाय प्रत्येक मोर्च्याला बाहेरचा वकील हवा असतो, याचा अर्थ नेहमीच्या सरकारी वकिलावर लोकांचा भरवसा नाही.

बारमधले मित्र हसतात. आरोपींचा वकील सरकारी वकिलाची बाजू घेतो म्हणून. पण स्वतंत्र बुद्धीचा सरकारी वकील पोकळ दोषारोपपत्र बघून तपासी अंमलदाराला परत पाठवतो, आणि त्यानं निरपराध माणसाची दहा वर्षं वाचतात. तो तपास यंत्रणेचा भाग नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९९४ मध्येच हितेंद्र विष्णू ठाकूर खटल्यात सांगून ठेवलंय. खटला मागं घ्यायचा अर्जही त्याच्याच सहीनं होतो. राजकीय गुन्हे मागं घ्या, असा आदेश वरून येतो तेव्हा त्या सहीमागं माणूस आहे की शिक्का, हे त्याला नेमलं कुणी यावर ठरतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यावर माझे आक्षेप आहेत. सरकारी वकिलांवरचा अभियोग संचालक तिनं गृह खात्याच्याच हाताखाली ठेवला, ज्या खात्याचे पोलीस आहेत. पण कलम १८ मध्ये हायकोर्टाचा आणि सेशन जज्जांचा सल्ला परत आला आहे, आणि कलम ३६० मध्ये खटला मागं घेताना पीडिताचं ऐकून घेणं सक्तीचं झालंय. आता मुंबईत कुणी ‘प्रशासकीय सोयीसाठी’ १९८१ ची कात्री पुन्हा काढली, तर वकील संघटनांनी ते पहिल्या दिवशी पकडलं पाहिजे. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, तेव्हा दाद मागायला आता रात्रीची बस धरून मुंबई गाठायची गरज नाही.

आणि जिल्हाधिकाऱ्यांनी एवढं करावं. यादीतली नावं आणि कोणत्या तारखेला सेशन जज्जांचं मत घेतलं, हे कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात, बार रूमच्या बाहेरच्या फलकावर लावावं. अनुभव किती वर्षांचा, तेही शेजारी लिहावं. कायदा किमान सात वर्षं मागतो.