अर्ध्या उवेचा हिशेब

आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणायची पद्धत आहे. पण खऱ्या सामनशी त्याचे नाते नाही. मुंबईतल्या बड्या हॉटेलांत मिळणारा गुलाबी सामन बहुधा नॉर्वेचा, तिथल्या खाडीत जाळीच्या पिंजऱ्यात वाढवलेला असतो. या माशाला उवा होतात. ऊ म्हणायचे एवढेच. हा खेकडा-कोळंबीच्या जातकुळीतला सेंटिमीटरभर जीव. तो माशाची कातडी कुरतडतो, रक्त पितो.

नॉर्वेत या उवा मोजणे कायद्याने सक्तीचे आहे. पाणी फारच गार नसेल तर दर आठवड्याला प्रत्येक पिंजऱ्यातले काही मासे काढून उवा मोजायच्या आणि आकडा सरकारला कळवायचा. तो आकडा कोणालाही पाहता येतो, याचे मला फार मोल वाटते. मर्यादा आहे माशामागे सरासरी अर्धी प्रौढ मादी. वसंतात जाळ्याबाहेरच्या मोकळ्या सामनची पिल्ले नद्यांतून समुद्राकडे निघतात, तेव्हा ०.२.

ऐकायला हे कडक वाटते. पण एका पिंजऱ्यात दोन लाखांपर्यंत मासे ठेवता येतात. मी गुणाकार करून पाहिला : एक लाख माद्या, आणि प्रत्येकीमागे शेकडो अंड्यांच्या माळा! त्यांतून निघालेली पिल्ले प्रवाहाबरोबर कित्येक किलोमीटर वाहत जातात. मोजायचे मासे किती? वसंतात किमान २०, एरवी १०. मोजदादही मालकानेच करायची.

म्हणूनच २०१७ पासून किनाऱ्याचे १३ विभाग पाडून त्यांना सिग्नलचे रंग दिले गेले. उवांमुळे मोकळ्या सामनची ३० टक्क्यांहून जास्त पिल्ले मरत असावीत असा अंदाज निघाला, की विभाग तांबडा. अशा विभागांच्या उत्पादनाला २०२० साली प्रथम ६ टक्के कात्री लागली.

मर्यादा पाळण्याची किंमत मात्र पिंजऱ्यातला मासा मोजतो. उवा औषधांना दाद देईनाशा झाल्या, तेव्हा मासे तीसेक अंशांच्या पाण्यातून काढू लागले. आपल्याला ते कोमट. गार पाण्यातल्या सामनला चटका. काही मरतातही. माझ्या मते दुखणे मोजणीत नाही. मर्यादा माशामागे आहे, खाडीमागे नाही, तिथे आहे.

जून २०२४ मध्ये मोकळा सामन इतका कमी परतला, की नॉर्वेने ३३ नद्यांत त्याची मासेमारी थांबवली. कारणे अनेक आहेत. पिंजऱ्यांतल्या उवा त्यांपैकी एक, हे तिथले शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.