दोष आईचा, भोग बाळाचा?



फेब्रुवारी 2020 मध्ये कतारची राजधानी दोहा येथील कारागृहात एका मुंबईकर स्त्रीने मुलीला जन्म दिला. त्याआधी जुलै 2019 मध्ये ती व तिचा पती दोहाच्या विमानतळावर उतरले असता त्यांच्या सामानात चार किलोंहून अधिक चरस सापडला होता. सहल घडवून आणणाऱ्या नातलग स्त्रीनेच ते पुडके विश्वासाने हाती दिले, असे त्या दांपत्याचे म्हणणे होते. दहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे प्रकरणाचा फेरविचार होऊन मार्च 2021 मध्ये दोघे निर्दोष ठरले आणि एप्रिलमध्ये लेकीला घेऊन मुंबईस परतले.

या प्रकरणात व्यसनाचा प्रश्न नव्हता. तरीही ते वाचून माझ्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. एखादी गर्भवती स्त्री खरोखरच हेरॉइन, कोडीन किंवा ट्रॅमाडॉल यांसारख्या अफूवर्गीय पदार्थांच्या आहारी गेलेली असेल, तर तिने परमुलखात कोणाचे दार ठोठवावे? आणि तिच्या पोटातील जिवाचे काय?

आपल्याकडे अशा स्त्रीला पहिला उपदेश ठरलेला असतो: "मुलासाठी तरी आजपासून सोड." उपदेश करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला घातक आहे. अफूवर्गीय पदार्थ एकाएकी तुटला की शरीर तडफडते, गर्भावरही ताण पडतो. आणि असे सोडलेले व्यसन बहुधा पुन्हा जडते. मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असल्याने पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरू शकते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2014 च्या मार्गदर्शनात गर्भवतीला औषध तोडावयास न लावता मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे वैद्यकीय देखरेखीखाली नियमित द्यावीत, असे सांगितले आहे. ही दोन्ही औषधे 2005 पासून त्या संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. "एक व्यसन सोडून दुसरे धरले" अशी नाके मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, ठरलेल्या मात्रेने रक्तातील चढउतार थांबतात, स्त्री चोरट्या बाजारातून सुटते आणि प्रसूतिपूर्व तपासणीला येऊ लागते. गर्भारपणाच्या उत्तरार्धात ही मात्रा पुष्कळदा वाढवावी लागते. ती शरीराची गरज असते. तिला हाव म्हणू नये.

बाळाला त्रास होतो, हे खरे. जन्मानंतर बहुधा पहिल्या काही दिवसांत ते कर्कश रडू लागते, थरथरते, शिंका देते, त्याला झोप लागत नाही, दूध नीट ओढता येत नाही, जुलाब होतात. पण हा त्रास ओळखता येतो आणि बराही होतो. फिलाडेल्फियाच्या डॉ. लोरेटा फिनेगन यांनी 1970 च्या दशकातच ही लक्षणे मोजण्याची पद्धत बसविली. अलीकडची दिशा तर अधिकच सोपी आहे: बाळ दूध पिते का, झोपते का, जवळ घेतल्यावर शांत होते का, एवढेच आधी पाहावे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत या पद्धतीने बाळे सरासरी 8 दिवसांत घरी जाण्याजोगी झाली. जुन्या पद्धतीने सुमारे 15 दिवस लागत. औषध द्यावे लागलेल्या बाळांचे प्रमाणही 52 टक्क्यांवरून 20 टक्क्यांच्या आत आले. मंद उजेड, शांत खोली, आईची कूस आणि, वैद्यकीय अडचण नसेल तर, आईचे दूध हेच येथे मुख्य औषध. आईला दूर केले तर हेच औषध बाळापासून हिरावले जाते.

आता कतारकडे पाहू. दोहात 'नौफर' हे व्यसनोपचार केंद्र आहे, 'सिद्रा मेडिसिन'सारखे स्त्रिया व बालकांसाठीचे अद्ययावत रुग्णालय आहे. साधनांची वाण नाही. अडसर आहे तो भीतीचा. अमली पदार्थांचा कायदा कडक आहे. विवाहबाह्य संबंध हा तेथे गुन्हा असल्याने अविवाहित गर्भवती मोलकरीण दवाखान्याची पायरी चढण्यास धजावत नाही. तेथील भारतीय दूतावासाने प्रवाशांना दिलेल्या इशाऱ्यात ट्रॅमाडॉल व कोडीन यांच्याबरोबर मेथाडोनचेही नाव होते. म्हणजे जे औषध एका देशात उपचार ठरते, तेच पिशवीत असेल तर दुसऱ्या देशात अपराध ठरू शकते. कायदा चोरट्या व्यापाऱ्याला अवश्य गाठो. पण रुग्ण आणि व्यापारी यांना एकाच तराजूत तोलू नये, असे माझे मत आहे.

आपणही कोणाला हसू नये. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची 'बाळागोळी' देऊन निजवीत, ही गोष्ट 1920 च्या दशकातील सरकारी चौकशांत नमूद आहे. त्या माता निर्दय नव्हत्या. मूल सांभाळावयास कोणी नव्हते आणि भोंगा थांबत नव्हता. त्यांना तुरुंगात धाडून बाळागोळी सुटली नसती. 1929 साली मुंबई प्रांतात प्रसूतिभत्त्याचा कायदा झाला, हळूहळू पाळणाघरे आली. त्या मातांना हवी होती ती अशी मदत.

तेव्हा दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. आखातात नोकरीस असलेल्या आप्तांना दुसऱ्याचे पुडके वा दुखण्याची साधी वाटणारी गोळीही चौकशी केल्याविना पाठवू नये. आणि घरातील एखाद्या लेकीसुनेने हलक्या आवाजात "मला सुटत नाही" असे सांगितले, तर तिला बोल लावण्याआधी तिच्यासोबत डॉक्टरांकडे जावे. तिने तोंड उघडले, हेच तिच्या बाळाचे पहिले भाग्य समजावे.