नुसतं फिरायला

देवाला जाते म्हटलं की बाईला घरातून निघता येतं. आळंदी, देहू तर जवळच. आषाढीच्या वारीत अठरा-वीस दिवस चालत पंढरपूरलाही जाता येतं. माहेरी, बाळंतपणाला, लग्नाला, मयताला जाण्यालाही कोणी हरकत घेत नाही. पण ‘फिरायला जाते’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘कशाला?’ दुसरा येतो, ‘कोणाबरोबर?’ आणि तिसरा, ‘मग घरचं कोण बघणार?’ या तीन प्रश्नांतच बाईच्या मोकळ्या वेळाचं सगळं राजकारण आहे, असं मला वाटतं.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वस्त्यांमध्ये मी समाजकार्यकर्ती म्हणून काम करते. आमच्या गटातल्या अकराजणींनी २०२५च्या जानेवारीत चार दिवस कोकण किनाऱ्यानं एसटीनं फिरायचं ठरवलं. कोणी चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर कंत्राटी कामगार, कोणी भोसरीच्या वर्कशॉपमध्ये, दोघी घरकाम करणाऱ्या, एक अंगणवाडी मदतनीस. पैसे भिशीतून साठवले. पाठीवर मुलांची शाळेची दप्तरं रिकामी करून घेतलेली. या लेखात मी फक्त पहिल्या दिवसाबद्दल बोलणार आहे, कारण काय काय आड येतं ते पहिल्याच दिवशी कळलं.

पहाटे वल्लभनगरच्या स्थानकातून निघालो. ताम्हिणी घाट, माणगाव, महाड करत दापोली. तिकीट अर्धं. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे, आणि ही सवलत नसती तर आमच्यातल्या निम्म्याजणी आल्याच नसत्या. ‘फुकटेपणा’ म्हणून या सवलतीची टिंगल करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. ज्या बाईच्या हातात स्वतःचा पैसा थोडा असतो, तिच्यासाठी प्रवासखर्च निम्मा होणं म्हणजे प्रवास शक्य होणं.

पण भाडं निम्मं झालं म्हणून वाट मोकळी झाली असं नाही. गाडीत बसण्याआधी कोणीच पाणी प्यायलं नव्हतं. कारण विचारावं लागलं नाही. लाइनवर काम करणारी म्हणाली, ‘ताई, आम्हाला सवयच आहे. बदली माणूस मिळेपर्यंत जागा सोडता येत नाही, म्हणून कामावरही पाणी कमीच पितो.’ वाटेतल्या एका स्थानकातलं स्वच्छतागृह पाहून तिचा शहाणपणा पटला. आत दिवा नाही, कडी नाही, पाणी नाही. मुंबईत बायकांनी २०११पासून मुतारीच्या हक्कासाठी मोहीम चालवली, तेव्हा अनेकांना हसू आलं होतं. ज्यांना कुठेही आडोसा चालतो त्यांना हसू येणारच. ज्या शहरात, ज्या रस्त्यावर बाईला लघवीला जागा नाही, तिथे तिनं थांबू नये असंच सांगितलेलं असतं.

दुपारपर्यंत फोन सुरू झाले. डाळीचा डबा कुठला, गॅसचं पुस्तक कुठे, धाकटी रडतेय. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी बाई त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होती, आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटं. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बाईची दहा मिनिटं कमी झाली खरी, पण ती काही पुरुषानं उचलली नाहीत. त्याचीही नऊ मिनिटं कमीच झाली. आपण चार दिवस बाहेर पडलो तर हे काम होतं कसं? सासू करते, नाहीतर मोठी मुलगी शाळा बुडवून करते. आमच्यातल्या तिघींच्या घरी तसंच झालं. एका बाईची मोकळीक दुसरीच्या डोक्यावर बसणार असेल, तर ती अजून आपली झालेली नाही.

कामावरचा हिशोब वेगळाच. चौघींचा चार दिवसांचा पगार गेला, वर महिन्याचा हजेरी बोनसही गेला. १९४८च्या कारखाना कायद्यात २४० दिवस काम केल्यावर दर वीस दिवसांमागे एक पगारी रजा होती. २०२०च्या नव्या संहितेत ती अट १८० दिवसांवर आणली आहे. पण सहा-सात महिन्यांनी ब्रेक देऊन पुन्हा नव्यानं भरती होत असेल, तर दिवस भरणार कधी?

संध्याकाळी हर्णैला पोचलो. बंदरावर मासळीचा लिलाव चालू होता, समोर सुवर्णदुर्ग. आमच्या बायका समुद्र पाहून हरखल्या. पाटी घेऊन बसलेल्या एका मासळीवालीशी गप्पा झाल्या. ती म्हणाली, जन्म या पाण्याकाठी गेला, पण काम नसताना इथं येऊन बसले असं कधी झालं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. निसर्ग जवळ असणं आणि तो बघायला वेळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रात्री एका लॉजवाल्यानं विचारलं, ‘बरोबर जेन्ट्स कोणी नाही?’ अकरा बायका समोर उभ्या, तरी त्याच्या हिशोबी ‘बरोबर कोणी’ नव्हतं. शेवटी एका घरगुती खानावळवालीनं पडवीत जागा दिली.

चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणतील, मारहाण आहे, वेतन आहे, हे काय सहलीचं घेऊन बसलात? मी त्यांना १८९०ची आठवण करून देईन. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं गिरणी कामगारांनी लढून रविवारची सुट्टी मिळवली. तेव्हा कोणी म्हटलं नाही की, आधी पगाराचं बघू, सुट्टी ही चैन आहे. फक्त ती सुट्टी गिरणीपासून होती. चुलीपासून बाईला अजून रविवार मिळालेला नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११च्या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात हेच मांडलं, की बाईला काही कारण नसताना बाहेर असण्याचा हक्क हवा. तो हक्क शहरातल्या शिकलेल्या मुलीइतकाच लाइनवरच्या कामगार बाईचा आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक स्थानकात दिवा, कडी, पाणी असलेलं स्वच्छतागृह. कंत्राटी बाईला भरपगारी रजा, आणि ती घेतली म्हणून बोनस कापायचा नाही. आणि घरात, आपण नसताना मुलीनं नव्हे तर तिच्या बापानं आणि भावानं चूल सांभाळायची.

संक्रांतीला आपण वाण लुटतो. आमच्या वस्तीत पुढच्या वर्षी प्लॅस्टिकचे डबे वाटायचे नाहीत, ते पैसे प्रवासाच्या भिशीत टाकायचे असं ठरलंय. मासळीवालीलाही बोलावणं धाडलंय, यावेळी तिनं आमच्याकडे यायचं, नुसतं फिरायला. तुमच्या गावी काय करता येईल, ते जरूर कळवा.